शेवंतीच्या गुडघ्यांची पावडर

आमच्या ह्यांना कुणी चहा संपेपर्यंत एका खुर्चीत बसवून दाखवावं, मी त्याचा जाहीर सत्कार करीन. नाहीच बसत हो हा माणूस. कप हातात घेऊन दारात जाणार, दारातून तबेल्यात, तबेल्यातल्या फळीवर कप विसरून परत घरात, आणि वर मलाच विचारणार, माझा चहा कुठे ठेवलास म्हणून. लग्न झाल्यापासून बघतेय. कंपनी होती तोवर निदान शिफ्टभर मशीनपाशी अडकलेले असायचे. रिटायर झाले आणि माझ्या जिवाला घोर लागला.

नाव भीमराव. अंबरनाथच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होते, पण त्या नोकरीवरून ह्यांना कुणी ओळखत नाही. घोडीवाले भीमराव म्हणा, लगेच पत्ता सांगतील. अंबरनाथहून जांभूळच्या रस्त्याला लागलं की वस्तीच्या टोकाला आमचं बैठं घर, आणि मागे घरापेक्षा जरा बरा असा तबेला. घर गळत होतं तेव्हा ह्यांनी नवे पत्रे आधी तबेल्यावर टाकले. मी कितीतरी दिवस ह्यांच्याशी बोलले नव्हते. ते ह्यांच्या लक्षातच आलं नाही, आता काय करता?

घोडीचं हे खूळ आलं कुठून, तेही सांगते. माझे सासरे सदू टांगेवाले. बदलापूर स्टेशनवर टांगा हाकायचे. जन्मभर लोकांना घोड्यामागे बसवून फिरवलं, पण स्वतःच्या लग्नात मुरबाडकडच्या त्या गावात त्यांना घोड्यावर बसू दिलं नाही. घोडा कुणाचा? त्यांचाच, टांग्याचा सोडून नेलेला. गावातले म्हणाले, घोडा वेशीबाहेर बांध आणि चालत ये. सासरे चालत गेले. ही गोष्ट ते रागाने नाही, हसत सांगायचे, आणि ह्यांना ते हसणंच सहन व्हायचं नाही. जेवता जेवता उठून जायचे. तेव्हाच ह्यांच्या डोक्यात बसलं की आपल्या दारात पांढरी घोडी पाहिजे आणि आपल्या वस्तीतला एकही नवरदेव पायी जाता कामा नये. आणि नाही गेला, हे मात्र खरं. आधी एक घोडी होती, ती गेल्यावर शेवंती आली. आमची वैष्णवी तेव्हा नुकती बोलायला लागली होती. घोडीचं नाव तिनंच ठेवलं, असं हे सांगतात. मला तर आठवतंय, ह्यांनीच ठेवलं होतं.

आमच्या वस्तीतल्या लग्नांवर घोडीचं पोट भरत नाही. उल्हासनगरात जावं लागतं. तिथे लग्नात घोडी नुसती चालून भागत नाही, तिनं नाचायला पाहिजे. ढोल वाजला की पुढचे पाय एकामागून एक उचलायचे, ठेका धरायचा, मान डोलवायची. हे शिकवतात कसं, तर समोर हलगी वाजवायची आणि नडगीला छडी लावायची. मी म्हणायचे, मारताय तिला. हे म्हणायचे, मारतोय कुठे, नुसती टेकवतोय. असो. शेवंती शिकली, आणि अशी शिकली की तिथल्या कॅम्पातले शेठ लोक लग्नाची तारीख काढायच्या आधी ह्यांना फोन करायचे, घोडी रिकामी आहे का म्हणून.

वैष्णवी पाचवीत असताना एकदा कुणाच्या तरी वरातीहून आल्यावर तिनं विचारलं, पप्पा, नवरीला घोडीवर का नाही बसवत? ह्यांनी विचार न करता सांगून टाकलं, तुझ्या लग्नात नवरा राहू दे बाजूला, तूच बसायचंस, शेवंतीवर, आपल्या घरापासून हॉलपर्यंत. सगळ्या वस्तीसमोर बोलले. पोरगी ते विसरली नाही. आता ती उल्हासनगरला एका जीन्सच्या कारखान्यात अकाउंट्स बघते, तिथल्या सिंधी शेठशी हिंदीत हिशोबावरून भांडते, पण घोडीचं नाव काढलं की पुन्हा पाचवीतली होते. तिचं लग्न खरवईच्या प्रमोदशी ठरलं, तेव्हा बैठकीत मुलाकडच्यांना तिनं पहिली गोष्ट हीच सांगितली. मी घोडीवर येणार. प्रमोद म्हणाला, मग मी रिक्षानं येतो. मला तिथेच जावई पसंत पडला.

लग्न बुद्धपौर्णिमेनंतरच्या रविवारी धरलं. आणि त्या थंडीत शेवंतीनं पाय धरला.

सकाळी उठायला वेळ लावायची. उठली की पुढचा उजवा पाय जरा पुढे टाकून उभी राहायची. गुडघे सुजल्यासारखे. हे दिवसभर तिच्याभोवती. पाय चोळ, तेल लाव, शेक दे. मला म्हणतात, तुझा शेकायचा पट्टा कुठाय? माझे गुडघे हो, माझे! उठता-बसता माझे गुडघे वाजतात ते शेजारच्यांना ऐकू येतात, पण त्याची कुणाला पडलीय. शेवटी मीच वैतागून म्हटलं, अहो, डॉक्टरला तरी दाखवा.

बदलापूरच्या जनावरांच्या डॉक्टर पद्मजा मॅडम आल्या. तरुण बाई, पण घाई नाही. पाय वाकवून बघितले, चालवून बघितली, आणि म्हणाल्या, वय झालंय काका, सांधे झिजलेत. लग्नाचं काम बंद. रोज थोडं सपाट रस्त्यावर चालवा. आणि एक पावडर लिहून दिली, सांध्यांची, खाण्यातून द्यायची. पण त्यांनी सरळ सांगितलं, माझ्या कानांनी ऐकलंय मी, की ही काही जादू नाही. काही घोड्यांना फरक पडतो, काहींना कळतही नाही. एक-दोन महिने देऊन बघू. ओल्या कोंड्यात कालवून द्या.

ह्यांनी त्यातलं काय ऐकलं? 'फरक पडतो' एवढंच.

डबा आला. पांढरा, मोठा, त्यावर धावणाऱ्या घोड्याचं चित्र. झाकण उघडलं आणि सुकट विकणारी दारात आल्यासारखा वास घरभर. शिंपल्यांचं काहीतरी असतं म्हणे त्यात. मी म्हटलं, माझ्या गुडघ्यांना दहा वेळा सांगितल्यावर बामाची बाटली येते आणि हिच्या गुडघ्यांना डबा. हे म्हणाले, तू घे की चमचाभर. चेष्टा नाही, मनापासून म्हणाले.

शेवंतीनं मात्र कोंड्याला तोंड लावलं नाही. हुंगायची आणि मान फिरवायची. एक दिवस झाला, दोन झाले. ह्यांची नुसती तगमग. मग ह्यांना सुचलं ते आपल्यातल्या कुणालाही सुचलं असतं. लहानपणी आपल्याला कडू औषध कशातून दिलं? गुळातून. ह्यांनी गूळ कुटला, भिजवलेले चणे घेतले, त्यात पावडर मळली आणि मोठमोठे लाडू वळले. शेवंतीनं ते असे खाल्ले की शेवटी ह्यांचा तळहात चाटत राहिली. हे आनंदाने आत आले आणि चक्क बसले. चहा संपवला. मग सकाळी लाडू, संध्याकाळी लाडू, आणि औषध जास्त नको पण गूळ चालेल म्हणून दुपारी नुसता गुळाचा खडा.

वर रोजचं चालवणं. सपाट रस्ता म्हणून हे तिला कॅम्पाच्या बाजूला न्यायचे. तिथे पांढरी घोडी दिसली की दुकानदार गल्ल्यावरून उठतात. घोडीला गूळ-चणे घातले की ग्रह शांत होतात, कुणाची साडेसाती, कुणाचं काय. शनिवारी तर रांग. कुणी सिंधी पद्धतीनं 'साईं' म्हणून ह्यांनाच नमस्कार करायचा. पूर्वी वरातीच्या दिवशी एवढं खाऊन ती रात्रीपर्यंत नाचायची, सगळं जिरायचं. आता काम नाही, नुसतं थोडं चालणं आणि खाणं. पण हे कुणाच्या लक्षात येतं? मला तरी कुठे आलं. आम्ही तर खूश. शेवंती अंगानं भरली, मान जाड झाली, पाठ चमकायला लागली. येणारा-जाणारा म्हणायचा, भीमराव, घोडी तरुण झाली तुमची. हे लगेच डब्यावरचं चित्र दाखवायचे.

एक सांगते, ह्यांच्या बाजूनं. जयंतीच्या मिरवणुकीत ह्यांनी तिला नेलं नाही. दर वर्षी शेवंती पुढे असायची. पोरं आली, हातापाया पडली. हे म्हणाले, डॉक्टर नाही म्हणाल्यात, म्हणजे नाही. स्वतःच मिरवणुकीत नुसत्या हातांनी चालले, हाताला लगाम नाही तर काय करू, अशा चेहऱ्यानं. डॉक्टरचं ऐकलं नाही असं ह्यांना कुणी म्हणू नये. ऐकलं, पण गुळाचं विचारायचं सुचलं नाही. औषध गुळातून द्यायचं हे काय डॉक्टरला विचारायचं असतं?

त्यानंतर थोड्याच दिवसांनी सकाळी हे तबेल्यातून ओरडत आले. संध्या, चल, लवकर चल. मला वाटलं, गेली घोडी. पोळी तव्यावर टाकून धावले. बघते तर शेवंती उभी, आणि पुढचे पाय उचलतेय. उजवा, मग डावा, मग उजवा. संथ, पण एका ठेक्यात. बाजा नाही, हलगी नाही, काही नाही. आपणहून नाचतेय, हे म्हणाले. बघ, आपणहून! हिला कळलंय घरात लग्न आहे ते. ह्यांच्या डोळ्यांत पाणी. खोटं कशाला बोलू, माझ्याही आलं. वस्ती बघायला लोटली. ह्यांनी व्हिडिओ काढला, सगळ्या नातेवाइकांना पाठवला, मुलानं, राजरत्ननं, त्याला गाणं लावून पुढे पाठवला. संध्याकाळपर्यंत सगळीकडून हात जोडलेली आणि नाचणारी चित्रं फोनवर नुसती ढीगभर आली.

वैष्णवीनं तो व्हिडिओ डॉक्टर मॅडमना पाठवला. खाली लिहिलं, थँक यू मॅडम, तुमच्या पावडरनं कमाल केली.

मॅडमचा फोन लगेच आला. वैष्णवीनं स्पीकरवर टाकला, कौतुक सगळ्यांना ऐकू यावं म्हणून. मॅडम म्हणाल्या, गाणं काढून मूळचा व्हिडिओ पाठव. आणि तिला जागची हलवू नका, मी निघालेय.

त्या आल्या, चप्पल बाहेर न काढता थेट तबेल्यात गेल्या, खाली बसल्या आणि शेवंतीच्या पुढच्या खुरावर तळहात ठेवला. मग ह्यांना म्हणाल्या, इथे हात ठेवा. ह्यांनी ठेवला आणि चटकन काढला. तापलं होतं ते खूर. खायला काय काय देता, त्यांनी विचारलं. ह्यांनी लाडवांचं सांगितलं, कॅम्पातल्या गूळ-चण्याचं सांगितलं, सुरुवातीला अभिमानानं आणि मग हळूहळू आवाज बसत गेला, कारण मॅडम खुरावरचा हात काढतच नव्हत्या.

"काका," त्या म्हणाल्या, "ती नाचत नाहीये. तिचे दोन्ही पाय आतून पेटलेत. एकावर भार सहन होत नाही म्हणून तो उचलते, की दुसऱ्यावर येतो, म्हणून मग तो उचलते."

पावडरचा दोष नाही, हे त्यांनी समजावून सांगितलं. गोडाचा आहे. म्हाताऱ्या घोड्याला एवढं गोड आणि चणे झेपत नाहीत, ते खुरांवर उतरतं. खुराच्या आत जे मांस हाडाला धरून ठेवतं त्याला सूज येते. मान जाड झाली होती ते तरुणपण नव्हतं, तेही हेच. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, कारण ह्यांना कुणावर तरी उलटं बोलता आलं असतं.

मीच बोलणार होते. तोंडापर्यंत आलं होतं, की अहो, सगळ्या गावाला गोळा करून तिच्या दुखण्याचा तमाशा दाखवलात. पण ह्यांच्याकडे बघितलं आणि गिळून टाकलं. हे फोन काढून तो व्हिडिओ बघत होते. पुन्हा पुन्हा. मग एकेकाला पाठवलेला पुसायला बसले. ज्यांनी पुढे पाठवला होता, त्यांचा कसा पुसणार?

मग सुरू झालं बर्फाचं. मासळी बाजारातून बर्फ आणायचा, घमेल्यांत घालायचा आणि शेवंतीचे पाय त्यात. तबेल्यात घोट्याएवढी मऊ रेती टाकली. खुरांखाली जाड फोम कापून चिकटपट्टीनं बांधला. गूळ बंद, चणे बंद, सुकं गवतसुद्धा पाण्यात भिजवून, पाणी फेकून द्यायचं. दुखणं कमी करायचं औषध मॅडम स्वतः येऊन द्यायच्या. पावडर चालू ठेवली, पण पाण्यात कालवून, बिनसुईच्या मोठ्या सिरिंजनं तोंडाच्या कडेनं. शेवंती निम्मी ह्यांच्या शर्टावर थुंकायची. घरात लग्न, पाहुणे यायला लागलेले, आणि नवरीच्या बापाच्या अंगाला सुकटीचा वास. मी हळदीचं सामान काढायला उठायचे आणि पाय आपोआप तबेल्याकडे वळायचे. ह्यांची भिंगरी मलाही लागली. कुणी बोलायला लागलं की माझं लक्ष मागे, रेतीत पाय सरकल्याचा आवाज येतोय का. आला की जीव खाली-वर, नाही आला की त्याहून जास्त.

लग्न आठवड्यावर आलं तेव्हा शेवंतीच्या पायांचा ठणका थोडा बसला होता. खूर पूर्वीइतकं तापत नव्हतं. पण तिच्यावर कुणी बसायचा प्रश्नच नव्हता, कधीच नाही, मॅडमनी सांगून टाकलं. कॅम्पातला राजू, ह्यांच्यासारखाच घोडेवाला, त्याची घोडी द्यायला तयार होता. वैष्णवी म्हणाली, नको. बसले तर शेवंतीवर. नाहीतर चालत जाईन. तिला वाटलं ती पप्पांचं ओझं हलकं करतेय. पण 'चालत' हा शब्द ह्यांना लागला. त्या दिवशी हे जेवले नाहीत. आबा स्वतःच्या लग्नात चालत गेले आणि आता माझी पोर चालत जाणार, माझ्या दारात घोडी असून, एवढंच म्हणाले.

आणि राजूनं नेमकी तीच जागा धरली. हळदीच्या सकाळी आला, इकडचं तिकडचं बोलला, मग खिशातून इंजेक्शनची पुडी काढली. "दादा, एक सुई मार," तो म्हणाला. "दो घंटा घोडी को कुछ समझेगाच नहीं. पोरीला हॉलपर्यंत सोड, मग दे आराम."

हे मॅडमना फोनवर विचारायला गेले, म्हणजे असंच, समजा कुणी दिलं तर, असं. त्या म्हणाल्या, काका, दुखतंय म्हणून ती पाय जपतेय. दुखणं मारलंत तर ती पूर्ण भार टाकेल, आतलं हाड सुटून खाली उतरेल, आणि मग मला तिच्यासाठी दुसरं इंजेक्शन घेऊन यावं लागेल. हे 'बरं' म्हणाले. पण पुडी राजूला परत केली नाही. शर्टाच्या खिशात ठेवली. मी ते बघितलं. बोलायला हवं होतं की नको, मला अजून कळत नाही. मला माझी पोर घोडीवर बघायची होती आणि मला घोडीही पाहिजे होती. रात्रभर ह्या कुशीवरून त्या कुशीवर.

लग्नाच्या दिवशी ऊन उतरल्यावर वैष्णवी तयार झाली. पांढरी साडी. बाहेर वस्ती जमलेली. शेवंतीची जुनी झूल, आरशाची, ह्यांनी सकाळीच घासून पुसून तबेल्याच्या दारावर टाकली होती, त्यामुळे जो तो समजून चालला की घोडी येणार. मी ह्यांना शोधायला मागे गेले. हे शेवंतीसमोर उभे होते. नवा सदरा, आणि हातात ती पुडी. फोडलेली नव्हती.

तेवढ्यात पुढे ढोल सुरू झाला. राजरत्ननं सांगितलेला, मोठा, ताशासकट. त्याला सांगायचं आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

शेवंतीनं कान उभे केले. फोम बांधलेला उजवा पाय उचलला, असा वर, पूर्वी वरातीत उचलायची तसा, आणि खाली आपटला. अंगावरून थरथर गेली. डावा उचलला. मान डोलवायला लागली. घामानं भिजून काळपट दिसायला लागली, नाकपुड्या फेंदारल्या, पण ठेका सोडेना. ढोल वाढला की ही वाढायची. बाई ग, काय शिकवून ठेवलं होतं आम्ही तिला.

ह्यांच्या हातातून पुडी पडली. "संध्या, बाजा बंद कर," हे म्हणाले. "आधी बाजा बंद कर."

मी धावले. कुठले गुडघे आणि कुठलं काय. घरातून पुढे आले आणि ढोलवाल्याच्या टिपरूखाली सरळ दोन्ही हात घातले. एक फटका बसला, बोटं सुजली. व्याही बघतायत, पाहुणे बघतायत, नवरीची आई ढोलावर पालथी पडलीय. मी म्हटलं, एकानं जरी वाजवलं तर फोडून टाकीन. बाजा थांबला.

वैष्णवी माझ्या आधी मागे पोचली. साडी रेतीत. हे शेवंतीचे दोन्ही कान तळहातांनी घट्ट दाबून, तिच्या कपाळाला कपाळ लावून उभे होते. नको नाचू बाई, नको नाचू, पुरे झालं, असं पुटपुटत होते. वैष्णवीनं खाली पडलेली पुडी बघितली. पोरगी शहाणी आहे, तिला सगळं कळलं.

"पप्पा, आजोबांना लोकांनी चालायला लावलं होतं," ती म्हणाली. "मला कुणी लावलेलं नाही. मी जाते चालत."

ह्यांनी मान हलवली. कान सोडता येईनात म्हणून तिला जवळ घेता येईना. तिनंच ह्यांना मागून मिठी मारली आणि गेली. ढोलवाले ढोल खांद्याला लावून, न वाजवता, तिच्या मागून गेले, सगळी वस्ती गेली. एवढी माणसं आणि नुसता चपलांचा आवाज.

लग्न नीट लागलं, ते सांगून टाकते. आम्ही मागून रिक्षानं गेलो. शेवंतीसुद्धा आहे अजून. पावडर घेते, थुंकते, बऱ्या दिवशी तबेल्याच्या दारापर्यंत येते. सोनिवलीला राजरत्ननं फ्लॅट बघितलाय, हे ऐकून घेतात आणि उठून जातात. आमच्या गल्लीत आता वरात आली की कोपऱ्यापासून बाजा बंद. कुणाला सांगावं लागत नाही.

पण मला ती संध्याकाळ सोडत नाही. सगळे गेल्यावर आम्ही दोघंच मागे राहिलो. हे अजून तिचे कान दाबून उभे. आणि शेवंती उजवा पाय उचलत होती, ठेवत होती, डावा उचलत होती.

"अगं," हे म्हणाले, "अजून वाजतंय का कुठे?"

मी दारात जाऊन ऐकलं. रस्ता रिकामा होता. कुठेही काही वाजत नव्हतं.

"हो," मी म्हटलं. "लांब वाजतंय कुठेतरी. राहू द्या हात."